प्रस्तावना : सगळे तिथंच आहेत

२०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रात दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात घडल्या. व्हॉट्सॲपने गोपनीयता धोरण बदलत असल्याची सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली. मान्य करा, नाहीतर ८ फेब्रुवारीनंतर खातं चालणार नाही, असा तिचा सूर होता. इलॉन मस्क यांनी ७ जानेवारीला सिग्नल वापरण्याचा सल्ला दिला आणि सिग्नल, टेलिग्राम उतरवून घेणाऱ्यांची झुंबड उडाली. नेमक्या त्याच दिवसांत राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका ऐन रंगात आल्या होत्या. मतदान १५ जानेवारीला होतं आणि त्याच दिवशी, नव्या गर्दीचा भार न सोसून, सिग्नल बंद पडलं. पॅनलचे जाहीरनामे, उमेदवारांची चिन्हं, विरोधकांवरच्या कोट्या आणि तीन दिवसांनी गुलालाचे फोटो, हे सगळं फिरत होतं ते व्हॉट्सॲपवरच. कंपनीने मुदत आधी १५ मेपर्यंत वाढवली आणि पुढे खाती बंद करण्याची भाषाही सोडली. लोक घाबरले होते, चिडले होते, पण गेले कुठेच नव्हते.

का गेले नाहीत, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. शहाण्या माणसांकडे याचं उत्तर तयार असतं: लोक आळशी असतात, त्यांना खासगीपणाची किंमत नसते, फुकटचं मिळालं की चालतं. हे उत्तर देणारा सहसा स्वतःही त्याच ॲपवर असतो, हे सोडून देऊ. पण उत्तर मुळातच चुकीचं आहे. समाजमाध्यम बदलणं हा एकट्यादुकट्याचा निर्णय नसतोच. तो समूहाचा निर्णय असतो, आणि समूहाला निर्णय घेण्यासाठी सोयीची वाट लागते. ती वाट आपल्याकडे कुणी बांधलेली नाही. पुढचे सगळे लेख या एका विधानाभोवती फिरतात.

लेखांचं ठिकाण आहे वरवट बकाल. शेगावहून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने निघालं की बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात हे गाव लागतं. कपाशी, सोयाबीन, तूर ही पिकं, आणि खारपाणपट्ट्यामुळे पिण्याच्या पाण्याची जुनी रड. पोरं शिकायला अकोला-अमरावतीला आणि कामाला पुण्या-मुंबईकडे. समाजमाध्यमांवरचं बहुतेक लेखन अमेरिकेतल्या प्रोग्रामरला किंवा पुण्यातल्या आयटीवाल्याला समोर ठेवून झालेलं असतं. त्याच्या ओळखी वेगवेगळ्या जागी विखुरलेल्या असतात, त्यामुळे एक ॲप सोडलं तर एक कप्पा रिकामा होतो, एवढंच. खेड्यात तसं नसतं. जो शेतशेजारी तोच भाऊबंद, तोच सोसायटीचा संचालक आणि त्याचीच मुलगी आपल्या मुलाच्या वर्गात. इथे एक ॲप सोडणं म्हणजे एकाच माणसाशी असलेले चार संबंध एकदम तोडणं. प्रश्न समजून घ्यायला म्हणूनच हे ठिकाण अधिक उपयोगाचं आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. कपाशीच्या बोंडावर डाग दिसला की शेतकरी बांधावरूनच फोटो काढतो आणि कृषी केंद्रवाल्याला टाकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचं कंबरडं मोडल्यापासून अशा फोटोंना घाई असते. पाठोपाठ आवाजी संदेश जातो: ‘भाऊ, हे काय हाये, पाहा बरं.’ तिकडून औषधाचं नाव आणि पंपाला किती मिली, हे उत्तर येतं. त्याच चौकटीत खाली उधारीचा हिशेब असतो, पावतीचा फोटो असतो, मुलीच्या लग्नाची पत्रिका असते. टंकलेखन न येणाऱ्या माणसाला आवाजी संदेशाने हा सगळा व्यवहार खुला केला. आता त्याला कुणी सांगितलं की दुसरं ॲप अधिक सुरक्षित आहे, तर तो जे म्हणतो ते या विषयाचं सार आहे: ‘असंन बाप्पा चांगलं. पण सारे त इथंच हायेत. मी एकटा तिकडं जाऊन कोनासंग बोलू?’

या एका वाक्यावर चार शाखांनी विचार केला आहे. पहिली अर्थशास्त्राची, आणि तिचं मूळ शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल यांनी १९०८ च्या वार्षिक अहवालातच मांडलं होतं की फोनची किंमत त्या यंत्रात नसते, पलीकडे किती जण जोडलेले आहेत यात असते. १९७४ साली जेफ्री रोल्फ्स यांनी त्याला गणिताची शिस्त दिली. १९८५ मध्ये मायकेल कॅट्झ आणि कार्ल शपिरो यांनी दाखवलं की अशा बाजारात माणूस आजचा माल पाहून निवड करत नाही, उद्या इतर लोक कुठे असतील याचा अंदाज बांधून करतो. त्याच वर्षी पॉल डेव्हिड यांनी टाइपरायटरच्या कळफलकाचा इतिहास मांडून सुचवलं की एकदा पडलेली पायवाट, ती सर्वोत्तम नसली तरी, पक्की होत जाते. आपल्या वाचकाला यासाठी परदेशी दाखल्याची गरज नाही. आठवडी बाजार गुरुवारचा असेल तर तो गुरुवारीच भरतो. कुणी एकटा मंगळवारी भाजी घेऊन बसला तर गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुसरा भाजीवालाही येत नाही. मंगळवार वाईट असतो असं नाही.

दुसरी शाखा मानसशास्त्राची. ती बोट ठेवते सवयीवर. विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की पर्याय समोर असले तरी माणूस आहे तिथेच राहणं पसंत करतो. मिळणाऱ्या फायद्यापेक्षा हातचं जाण्याची धास्ती मोठी असते. हे खरं आहे, पण अपुरं आहे. टेलिग्रामने जानेवारी २०२१ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवरचं जुनं संभाषण उचलून आणण्याची सोय दिली. म्हणजे हातचं जाण्याची भीती बऱ्याच अंशी मिटली होती. तरी व्हॉट्सॲप सोडून जाणाऱ्यांचा लोंढा आला नाही. फोटो आणि हिशेब नेता येतात, समोरचा माणूस नेता येत नाही.

तिसरी शाखा समाजशास्त्राची. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये उंबरठ्याची कल्पना मांडली. कुणी एक जण हलला की हलतो, कुणी दहा जण हलल्यावर, कुणी निम्मं गाव गेल्यावर. या साखळीतली मधली एखादी कडी नसेल तर लाट तिथेच विरते, बहुसंख्यांची मनातून तयारी असली तरीही. सिग्नलचं असंच झालं. पहिले उत्साही गेले, त्यांच्यामागे जाणारे थोडे गेले, आणि ‘अर्धे गेले की जाऊ’ म्हणणारे वाट पाहत राहिले. डॅना बॉइड यांनी अमेरिकी मुलं मायस्पेसवरून फेसबुककडे सरकत असतानाच दाखवलं होतं की वर्ग आणि वंश यांच्या रेषांवर लोक वेगळे होत गेले. माध्यम बदलताना सगळे सारखे मोकळे नसतात: कोण आधी निघतं आणि कोण मागे उरतं, हा सामाजिक दर्जाचाही प्रश्न असतो.

चौथी शाखा राजकारणाची आणि कायद्याची. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये सांगितलं की असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं, आणि निष्ठा या दोहोंचं गणित बदलते. बाहेर पडणंच अशक्य केलं की मालकाला कुणाचा आवाज ऐकण्याची गरज उरत नाही. कोरी डॉक्टरो यांच्यासारखे लेखक हाच धागा पुढे नेऊन म्हणतात की कंपन्या आधी लोकांना जपतात, अडकवतात आणि मग पिळतात. यावर उपाय लोकांना उपदेश करणं हा नसून भिंतीला दार पाडणं हा आहे. दार स्वतःच बांधू पाहणारेही आहेत. डायस्पोरा २०१० मध्ये आलं, मॅस्टोडॉन २०१६ मध्ये. यांच्यामागे एक मालक नाही, अनेक सर्व्हर एकमेकांशी बोलतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि पुढच्या महिन्यात बरेच भारतीय रागाने मॅस्टोडॉनवर गेले. राग ओसरला, तसे बहुतेक परतले.

मग माणसं कधी हलतच नाहीत का? हलतात, आणि मराठी माणसाने हे पाहिलं आहे. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ चं. मनोगत २००४ मध्ये आलं, मिसळपाव २००७ मध्ये, ऐसी अक्षरे २०११ मध्ये. संपादन किती कडक असावं, विनोद कुठवर चालावा, कुणाचं लेखन उडवावं, अशा वादांतून मंडळी एका घरातून उठून दुसऱ्या घरात जात होती. ते जमलं, कारण समूह लहान होता, बरेच जण एकमेकांना ओळखत होते आणि त्यांच्यातलं नातं प्रामुख्याने लेखनाचं होतं. तिथे कुणाची उधारी अडकलेली नव्हती. फेसबुक आल्यावर ही संकेतस्थळं बंद पडली नाहीत, पण वर्दळ पातळ झाली. कुणी ठरवून सोडून गेलं नव्हतं. नवं ठिकाण जोडलं आणि जुन्याकडे येणं कमी झालं.

हीच खूण ऑर्कुटच्या वेळीही दिसते. गूगलचं ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं आणि भारतात, ब्राझीलमध्ये त्याने जम बसवला. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, तेव्हा गर्दी केव्हाच फेसबुकवर गेली होती. त्या काळी बहुतेकांचं खातं सायबर कॅफेतल्या संगणकावर उघडायचं, वडील-काका तिथे नव्हते, शाळा नव्हती, तलाठी नव्हता. सोडण्यासारखं फार काही नसल्यामुळे सोडणं सोपं होतं.

व्हॉट्सॲपने जागा धरली ती ऑर्कुटसारखी तरुणांच्या करमणुकीच्या जोरावर नव्हे. सप्टेंबर २०११ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि दोन महिन्यांत ती २०० केली. सणावारी तर एसएमएसचं पॅक चालत नसे, प्रत्येक शुभेच्छेचे वेगळे पैसे पडत. त्या पोकळीत, मोबाइल नंबर हीच ओळख मानणारं ॲप आलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओने डेटा स्वस्त केला, २०१८ मध्ये साध्या जिओफोनवरही व्हॉट्सॲप चालू लागलं, आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळेचा अभ्यास त्यावर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार देशात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी वापरकर्ते होते, फेसबुकचे ४१ कोटी, ट्विटरचे अवघे पावणेदोन कोटी. अंगणवाडी, आशा, बचत गट, ग्रामसभा, दूध संकलन, गावातलं कीर्तन आणि गावातली मयत, सगळ्यांच्या सूचना एकाच ठिकाणी येऊ लागल्या. त्यामुळे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जे झालं, त्यानेही लोक हटले नाहीत. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. देश हादरला, ग्रुप होते तिथेच राहिले.

मोठा समूह एकदम हलला तो एकदाच, आणि तोही सरकारी हुकमाने. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली. टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. खेड्यापाड्यातल्या, कॅमेऱ्यासमोर कधीही न आलेल्या कलावंतांना त्याने प्रेक्षक दिला होता. मोज, जोश, चिंगारी ही देशी ॲप पुढे आली. पण जुलैतच इन्स्टाग्रामने रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणलं, आणि प्रेक्षकाचा मोठा ओघ तिकडे वळला. दार बंद केल्यावर लोक नव्या छोट्या घरात फारसे गेले नाहीत. जिथे आधीच ओळखीचे लोक बसले होते तिथे गेले. ट्विटरशी सरकारचा वाद पेटला तेव्हा मंत्र्यांनी जवळ केलेलं, मराठीसह भारतीय भाषांत चालणारं ‘कू’ तर ३ जुलै २०२४ ला बंद झाल्याचं जाहीर झालं. तिथे गेलेल्या बऱ्याच जणांनी ट्विटर सोडलंच नव्हतं. तसंच देशी हाइक मेसेंजर २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलं आणि २०२१ च्या जानेवारीत, सिग्नलच्या त्या धामधुमीतच, थांबलं.

याला एक सुंदर अपवाद आहे. स्पर्धा परीक्षेची, पोलीस भरतीची, तलाठी भरतीची तयारी करणारा बुलडाणा जिल्ह्यातला मुलगा टेलिग्रामवर असतोच असतो. नोट्सच्या जाडजूड पीडीएफ, चालू घडामोडींचे सराव प्रश्न, हजारोंचे चॅनल हे त्याला तिथे मिळतं. व्हॉट्सॲपचा ग्रुप २०२२ पर्यंत २५६ जणांपुढे जात नव्हता. टेलिग्राम इथे रुजलं ते व्हॉट्सॲपला पर्याय म्हणून नव्हे. वेगळं काम घेऊन आलं म्हणून रुजलं. घरच्यांशी बोलायला तो मुलगा पुन्हा व्हॉट्सॲपवरच येतो.

हा विषय आज का महत्त्वाचा? सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीचं ‘अरट्टै’ हे निरोपांचं ॲप अचानक चर्चेत आलं. झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितलं की दिवसाला तीन हजार जण नोंदणी करत होते, ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले. स्वदेशीची भावना खरी होती, केंद्रीय मंत्र्यांचं आवाहनही होतं. पण २०२१ च्या अनुभवावरून विचारायचा प्रश्न तोच राहतो: एकट्याने आलेला माणूस तिथे बोलणार कुणाशी? दुसरीकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, त्याच २०२१ च्या धोरणाबद्दल, व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. ‘घ्या नाहीतर सोडा’ ही अट, जिथे सोडणं शक्यच नाही तिथे, संमती ठरत नाही, हा त्यातला मुद्दा. शिवाय २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटाशी हात मिळवला. दाखले, अर्ज, तक्रारी जिथे जातील तिथून नागरिक निघणार नाही. सोय मोठी आहे, पण एका खासगी कंपनीच्या वाड्यात सरकारी कचेरी भाड्याने गेली, हेही खरं आहे.

दुसरी वाट असते, याचे दोन पुरावे आपल्याच देशात आहेत. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली. त्याआधी कंपनी बदलायची तर नंबर जायचा, म्हणून लोक वाईट रेंज सोसत राहायचे. नियम आला आणि तेच ‘आळशी’ लोक रांगा लावून कंपनी बदलू लागले. दुसरा पुरावा यूपीआयचा. २०१६ पासून एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवाल्याला पैसे जातात. कृषी केंद्राच्या काउंटरवर कोणत्याही कंपनीचा क्यूआर असो, शेतकऱ्याचं अडत नाही. पैशाचं जे झालं ते निरोपाचं व्हायला तांत्रिक अडचण फारशी नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर हे बंधन आणलं, आणि २०२५ च्या अखेरीस युरोपात व्हॉट्सॲपवरून इतर ॲपवाल्यांशी बोलण्याची सुरुवात झाली. आपल्याकडे अजून ही मागणीही नीट उभी राहिलेली नाही.

या पुस्तकाने काय केलं आहे आणि काय केलेलं नाही, तेही सांगायला हवं. कोणतं ॲप चांगलं याची यादी इथे नाही. ती छापून होईपर्यंत शिळी होते. कंपन्यांना शिव्या घालणं हा हेतू नाही आणि मोबाइलपायी गाव बिघडलं असा गळा काढणंही नाही. वरवट बकाल आणि परिसरातल्या माणसांचं बोलणं, त्यांच्या वऱ्हाडीसकट, समोर ठेवून वरच्या चारही शाखांची सिद्धांतवाक्यं तपासायची, एवढा या लेखांचा उद्योग आहे. काही ठिकाणी सिद्धांत टिकतात, काही ठिकाणी गाव त्यांना हरवतं. बायकांवरचे लेख वेगळे पडतात, कारण घरातला एकच मोबाइल आणि त्यातला दुसऱ्याच्या नावाचा नंबर हा सोडण्या-न-सोडण्याचा आणखी एक पैलू असतो. वाचक तंत्रज्ञ असला पाहिजे, अशी अट नाही. ज्याला कधीतरी एखादा ग्रुप नकोसा वाटला आणि तरी ‘बाहेर पडा’ हे बटण दाबता आलं नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे.

माझा निष्कर्ष सरळ आहे. पर्यायी माध्यमं हरली ती त्यांच्यात खोट होती म्हणून नव्हे, आणि लोक मूर्ख होते म्हणूनही नव्हे. त्यांना जोडणारा नियम नव्हता, म्हणून हरली. तेव्हा वाचकाला दोन विनंत्या. हे पुस्तक वाचून एकट्याने ॲप बदलू नका. बदलायचंच असेल तर चार भावंडांचा किंवा दहा जणींच्या बचत गटाचा ग्रुप अख्खाच्या अख्खा हलवा, कारण लहान समूहच हलतो. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या खासदाराला विचारा की नंबर तोच ठेवून कंपनी बदलू देणारा नियम २०११ मध्ये देशभर आला, मग निरोप एका ॲपवरून दुसऱ्यावर नेणारा कधी येणार.